परळीची वीज ५० हर्ट्झची, मग मॉनिटर १४४चा कसा?

परळी वैजनाथच्या औष्णिक वीजकेंद्रात २५० मेगावॅटच्या संचाचं टर्बाइन मिनिटाला ३००० फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला ५०. आपल्या घरातल्या विजेची वारंवारिताही तीच, ५० हर्ट्झ. त्यामुळे बीड, माजलगाव किंवा अंबाजोगाईत १४४ हर्ट्झचा गेमिंग मॉनिटर घ्यायला निघालेल्या मुलाच्या वडिलांनी ‘आपल्या लाइटवर हा चालेल का?’ असं विचारलं, तर त्यात हसण्यासारखं काही नाही. प्रश्न शास्त्राला धरूनच आहे.

एके काळी पडदा खरोखरच विजेच्या तालावर चालायचा. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झालं, तेव्हा टीव्हीवर सेकंदाला २५ चित्रं यायची. प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत, एक ओळ सोडून एक असं रंगायचं, म्हणजे पडद्यावरून ५० फेऱ्या व्हायच्या. विजेमुळे चित्रात उमटणारे पट्टे सरकत राहू नयेत, म्हणून हे प्रमाण ठरवताना आकडा विजेशी जुळवला होता. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, म्हणून तिथला टीव्हीही ६०चा. आजचा मॉनिटर मात्र आधी विजेचं डीसीत, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेत, रूपांतर करतो आणि पडद्यावरचं चित्र कधी बदलायचं हे आतल्या इलेक्ट्रॉनिक घड्याळावर ठरवतो. परळीच्या ५०शी त्याचा संबंध उरलेला नाही.

मग जास्त हर्ट्झने, म्हणजे सेकंदाला जास्त चित्रांनी, मिळतं काय? ६० हर्ट्झवर एक चित्र १६.७ मिलिसेकंद पडद्यावर राहतं, १४४वर ६.९ आणि २४०वर ४.२. गेममध्ये शत्रू डावीकडून उजवीकडे धावतो तेव्हा आपली नजर त्याच्याबरोबर अखंड सरकते, पण पडद्यावरचं चित्र पुढचं येईपर्यंत जागचं हलत नाही. नजर पुढे जाते, चित्र मागे राहतं आणि डोळ्यातल्या पडद्यावर ते फरपटतं. सेकंदाला ९६० पिक्सेल धावणारी आकृती ६० हर्ट्झवर सुमारे १६ पिक्सेल धूसर दिसते, १२०वर ८, २४०वर ४. गेमिंगमध्ये ‘स्मूद’ म्हणतात ते बरंचसं हेच.

मात्र हे आकडे नीट पाहा. ६०वरून १४४वर गेलं की प्रत्येक चित्रामागे जवळजवळ १० मिलिसेकंद वाचतात. १४४वरून २४०वर गेलं तर वाचतात फक्त २.८. आता ऑनलाइन गेमचं बघा. बीड ते मुंबई सरळ रेषेत सुमारे ३०० किलोमीटर. फायबरमधून सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावणाऱ्या प्रकाशाला मुंबईच्या सर्व्हरपर्यंत जाऊन यायलाच ३ मिलिसेकंद लागतात. प्रत्यक्षातला पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, याच्या कितीतरी पट असतो. घरचं इंटरनेट अडखळत असेल तर २४०साठी जादा पैसे मोजू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. पहिली उडी मोलाची, पुढच्या चैनीच्या.

पहिल्या उडीलाही ग्राफिक्स कार्डाची साथ हवी. कार्ड सेकंदाला ७० फ्रेम, म्हणजे चित्रं, देत असेल तर १४४ हर्ट्झचा पडदा तीच चित्रं पुन्हा पुन्हा दाखवणार. आपल्या आवडत्या गेममध्ये फ्रेमचा आकडा सुरू करून गर्दीच्या लढाईत तो कितीवर घसरतो ते आधी बघावं. १०८० पिक्सेलच्या पडद्यावर सुमारे २०.७ लाख ठिपके असतात, १४४०च्या पडद्यावर ३६.९ लाख. साध्या कार्डाला हा भार जड जातो. फ्रेम कमीजास्त होत असतील तर फ्रीसिंक किंवा जी-सिंक असलेला मॉनिटर घ्यावा. तो कार्डाच्या वेगाप्रमाणे आपला वेग बदलतो आणि चित्र मधूनच फाटल्यासारखं दिसत नाही.

खोक्यावरच्या ‘१ मिलिसेकंद’ रिस्पॉन्स टाइमवर, म्हणजे ठिपक्याला रंग बदलायला लागणाऱ्या वेळेवर, मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नये. तो सर्वांत अनुकूल सेटिंगमधला आकडा असतो. व्हीए प्रकारच्या पॅनेलवर काळा रंग खोल दिसतो, पण स्वस्त मॉडेलांत अंधाऱ्या दृश्यात हलत्या वस्तूमागे काळपट शेपूट राहू शकतं. वेगवान गेमसाठी आयपीएस प्रकारचं पॅनेल बरं.

आणि घरी आणून जोडल्यावर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ‘ॲडव्हान्स्ड डिस्प्ले’ उघडून रिफ्रेश रेट, म्हणजे हाच हर्ट्झचा आकडा, पाहावाच. तो अनेकदा ६०वरच राहिलेला असतो. तिथे १४४ दिसतच नसेल तर जुनी एचडीएमआय केबल बदलून डिस्प्लेपोर्टची लावून बघावी.