शेवाळावर न भागणारी भूक

शोभेच्या माशांच्या दुकानात 'काच साफ करणारा मासा' म्हणून जो सकर विकला जातो, तो दक्षिण अमेरिकेतील नद्यांमधल्या लोरिकॅरिडी या मार्जारमीनांच्या, म्हणजे मिशाळ माशांच्या, कुळातला असून या एका कुळात 900 हून अधिक जाती आहेत. अंगावर खवल्यांऐवजी हाडांच्या पट्ट्यांचे चिलखत आणि डोक्याच्या खालच्या बाजूस चकतीसारखे तोंड ही या कुळाची ओळख होय. या तोंडाने मासा वाहत्या पाण्यातही दगडाला किंवा बुडालेल्या ओंडक्याला चिकटून राहतो, चिकटलेला असतानाच श्वास घेतो आणि बारीक दातांच्या रांगांनी पृष्ठभाग खरवडतो.

मात्र तो जे खरवडतो ते निव्वळ शेवाळ नसते. पाण्यातल्या दगडा-लाकडांवर जो बुळबुळीत थर धरतो, त्यात शेवाळाबरोबर जीवाणू, बुरशी, सूक्ष्म प्राणी आणि कुजलेल्या पाल्याचे कण असतात. या थराला जैवपटल म्हणतात. हे अन्न मुबलक असले तरी निकस असते, म्हणून या माशांचे आतडे शरीराच्या कित्येक पट लांब व वेटोळे घातलेले असते, आणि त्यांचे चरणे तासन्‌तास चालते. घरातल्या टाकीत काचेवरचा हिरवा थर थोड्याच दिवसांत संपतो. काळ्या केसाळ शेवाळाला किंवा ज्याला निळे-हिरवे शेवाळ म्हणतात, पण जे वास्तविक जीवाणूच असतात, त्याला हे मासे सहसा तोंड लावत नाहीत. 'हा मासा टाकीतल्या घाणीवर जगतो' हा समज म्हणूनच घातक ठरतो, कारण तो इतर माशांची विष्ठा खात नाही, उलट स्वतः भरपूर विष्ठा टाकून गाळणयंत्राचे काम वाढवतो.

उपासमारीचा सर्वाधिक फटका बसतो तो ओटोसिंक्लस या प्रजातीतल्या चार-पाच सेंटिमीटरच्या चिमुकल्या माशांना. हे मासे बहुधा नदीतून पकडून आणलेले आणि प्रवासात उपाशी राहिलेले असतात, आणि नव्या, चकचकीत टाकीत जैवपटल तयार झालेलेच नसते. मासा काचेला चिकटला असताना बाहेरून त्याचे पोट नीट दिसते: ते फुगीर असेल तर ठीक, आत गेलेले असेल तर मासा विकत न घेणेच शहाणपणाचे. हे मासे थव्याने राहणारे असल्याने निदान सहा मासे एकत्र आणि जुन्या, स्थिरावलेल्या टाकीत ठेवावेत.

आहारासाठी तळाशी बुडणाऱ्या स्पिरुलिनाच्या गोळ्या आणि हलकी वाफवलेली काकडी, पालक किंवा मटार पुरतात. काकडीची चकती तरंगू नये म्हणून ती चमच्याला अडकवून रात्री दिवा मालवल्यावर सोडावी, कारण यातील बहुतेक जाती निशाचर आहेत. उरलेला तुकडा मात्र सकाळी काढून टाकावा, अन्यथा पाणी नासते. टाकीत लाकडाचा ओंडका असावा, कारण त्यावर जैवपटल धरते आणि माशाला आडोसाही मिळतो. पॅनाक या प्रजातीचे मासे तर लाकूडच कुरतडतात, तरी त्यातले सेल्युलोज त्यांना फारसे पचत नाही, पोषण मिळते ते कुजत्या लाकडातल्या सूक्ष्म जीवांपासून.

पाणी 24 ते 28 अंश सेल्सिअस, क्लोरीन काढलेले आणि प्राणवायूने भरपूर असावे. गढूळ, कोंदट पाण्यात सकर पृष्ठभागावर येऊन हवा गिळतो व रक्तवाहिन्यांनी भरलेल्या जठरातून प्राणवायू शोषतो; तो वारंवार असे करू लागला, तर पाण्यात काहीतरी बिघडले आहे असे समजावे.

खरी अडचण आकाराची आहे. दुकानात बोटाएवढा दिसणारा टेरिगोप्लिक्थिस प्रजातीचा सकर 30 ते 40 सेंटिमीटरपर्यंत वाढतो, तर दोन फूट लांब आणि एक फूट रुंद-उंच टाकीत जेमतेम 56 लिटर पाणी मावते. मध्यम टाकीसाठी 12 ते 15 सेंटिमीटरचा, नराच्या नाकाडावर फाटे फुटलेल्या मिशा असणारा अँसिस्ट्रस कितीतरी योग्य. टाकीत न मावणारे सकर लोक तळ्यात-नदीत सोडून देतात आणि हवा गिळण्याच्या त्याच क्षमतेमुळे ते खराब पाण्यातही टिकतात. नर काठच्या मातीत बिळे खणून अंड्यांची राखण करतात. पूर्व कोलकात्याच्या पाणथळ प्रदेशात, आंध्रच्या मत्स्यतळ्यांत आणि आपल्या उजनी जलाशयातही हा मासा पोहोचला असून, मच्छीमारांच्या जाळ्यांना त्याच्या काटेरी परांचा उपद्रव होतो. पोसणे जमत नसल्यास सकर दुकानदाराला परत द्यावा किंवा मोठी टाकी असलेल्या पाळणाऱ्याकडे सोपवावा. नदीत तो कदापि सोडू नये.