लहान गावची माध्यमिक शाळा : वर्ग, मैदान आणि संमेलन

दहावीचा निकाल लागला म्हणजे दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आपण प्रथम काय पाहतो? अमुक शाळेचा निकाल शेकडा किती, एवढेच. मोठ्या शाळेपुरती ही मोजणी एक वेळ चालेल. परंतु घाटंजी किंवा झरी-जामणी तालुक्यातील एखाद्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून परीक्षेला २० मुले बसली असतील, तर एक मुलगी नापास होताच तिचा निकाल ९५ टक्क्यांवर येतो. ३०० मुले बसविणाऱ्या शाळेत तीच एक नापास झाली, तर टक्क्याचा जेमतेम तिसरा हिस्सा घटतो. मुलगी एकच, आणि पाहणाऱ्याच्या मनावर उमटणारा ठसा मात्र केवढा निराळा! ह्या २० मुलांच्या शाळेत वर्षभर चालते तरी काय, ते आज पाहावयाचे आहे.

अशा शाळा आपल्याकडे कशा आल्या, हे दोन शब्दांत सांगतो. पश्चिम महाराष्ट्रात माध्यमिक शाळा बहुतांशी खाजगी संस्थांनी काढल्या. विदर्भात व मराठवाड्यात मात्र स्थानिक स्वराज्य संस्थांनीही हा भार उचलला, आणि १९६२ साली जिल्हा परिषदा आल्यावर तो त्यांच्याकडे राहिला. त्यापूर्वीची स्थिती कशी होती? पुसद तालुक्यातील गहुलीचे वसंतराव नाईक पुढे १९६३ ते १९७५ राज्याचे मुख्यमंत्री होते. त्यांना लहानपणी प्राथमिक शिक्षणासाठीदेखील आसपासची गावे फिरावी लागली व पुढे शिकण्यासाठी जिल्हा सोडावा लागला. आज दहावीपर्यंतची शाळा पायवाटेच्या टप्प्यात आहे, ही लहान गोष्ट नव्हे.

आता वर्गात चला. शिक्षकांची पदे पटावर ठरतात. पट कमी, म्हणून माणसेही कमी. मग गणिताचे मास्तर विज्ञान शिकवितात आणि मराठीच्या बाई इतिहासाचाही तास घेतात. ह्यात तोटा आहे, तो झाकण्यात अर्थ नाही. परंतु दुसरी बाजूही आहे. २० जणांच्या वर्गात कोणाची वही कोरी आहे, हे विचारावे लागत नाही.

खरी अडचण भाषेची आहे, आणि ती यवतमाळकराला वेगळी सांगावी असे नाही. तांड्यावरच्या मुलाच्या घरी गोरमाटी, पोडावरच्या मुलीच्या घरी कोलामी, आणि दक्षिणेकडच्या सीमेवर तेलुगू. कोलामी तर मराठीच्या कुळातलीच नव्हे. ती तेलुगू-गोंडीसारखी द्राविड कुळातली. म्हणजे ज्या भाषेत भूमितीचे प्रमेय समजून घ्यावयाचे, तीच ह्या मुलीला आधी शाळेत शिकावी लागते. ती वर्गात गप्प बसते, आणि गप्प बसलेल्या मुलाला आपण मठ्ठ म्हणून मोकळे होतो.

ह्या मुलीला मैदानावर पाहा. खो-खोचा संघ बारांचा. त्यांतले नऊ मैदानात उतरतात. पाठलाग करणाऱ्यांपैकी आठ जण मधल्या पट्टीवर एकाआड एक उलट्या दिशांना तोंडे करून बसतात आणि नववा पळतो. बसलेल्याला 'खो' द्यावयाचा तो पाठीमागून, हात लावून आणि मोठ्याने उच्चारून. खो मिळण्यापूर्वी उठणे हा नियमभंग, आणि तोंडातल्या तोंडात पुटपुटलेला खोही चालत नाही. उठलेल्याने एकदा दिशा धरली की खांबाला वळसा घातल्यावाचून मागे फिरता येत नाही. म्हणून कोणाला खो द्यावयाचा, हे धावता धावता क्षणात ठरवावे लागते. वर्गात ओठ न उघडणारी मुलगी येथे दिवसातून पन्नास वेळा ओरडते, आणि इतर आठ जणी तिच्या शब्दावर उठतात. शब्दाला असे वजन आलेले तिने पूर्वी कोठे अनुभवले असणार?

लहान शाळेचा फायदा येथे दिसतो. शाळेत मुली २८ असल्या, तर बारा जणींचा संघ म्हणजे जवळजवळ निम्म्या मुली. ७०० मुलींच्या शाळेतही संघ बारांचाच. बाकीच्या ६८८ टाळ्या वाजवितात. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा शालेय स्पर्धांच्या पायऱ्या आहेत. विभाग अमरावतीचा, पाच जिल्ह्यांचा. तेथपर्यंत थोडे पोहोचतात. पण तालुक्याच्या गावी दुसऱ्या शाळेशी खेळून येणे, हाच पुष्कळांचा पहिला प्रवास असतो.

आणि नियम पाहा! २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात शाळेला मैदान हवे असे म्हटले आहे. परंतु सहावी ते आठवीच्या पातळीवर कला, शारीरिक शिक्षण व कार्यशिक्षण ह्यांचे अर्धवेळ निदेशक द्यावयाचे ते पट शंभराच्या वर असेल तरच. म्हणजे जेथे प्रत्येक मूल खेळू शकते, नेमका तेथेच खेळाचा शिक्षक नाही! मग गणिताचे मास्तरच शिटी गळ्यात अडकवितात. बरे, पावसाळ्यात आपल्या काळ्या जमिनीचे जे होते ते सर्वांस ठाऊक आहे. पाय उचलला तर चप्पल खालीच राहते. स्पर्धा मात्र बहुधा त्याच सुमारास!

संमेलनाची गोष्ट थोडी निराळी आहे. ते हिवाळ्यात येते, आणि तेव्हाच कापूस वेचणीला आलेला असतो. नाटुकल्यात राणी झालेली मुलगी तालमीला येत नाही, कारण ती आईबरोबर वावरात असते. दिवाळीपासून उलंगवाडीपर्यंत हजेरीपटावर किती रिकाम्या चौकटी पडतात, हे कोणत्याही वर्गशिक्षकाला विचारा. त्या मुलीला शाळेकडे ओढणारे बळ अनेकदा प्रमेयाचे नसते; राणीचा मुकुट तयार आहे आणि पाठ केलेली भाषणे वाया जातील, ह्याचे असते. भाषणे मराठीत पाठ झाली, हा आणखी एक लाभ; दहावीच्या भाषाविषयात अंतर्गत गुण असतात, तेथे बोलण्याचीच परीक्षा होते.

म्हणून मैदानाचा तास कापून गणिताचा जादा तास घ्या, असे पालक म्हणतात तेव्हा त्यांची काळजी मला समजते. त्यांचा हिशेब पटत नाही. मार्चच्या परीक्षेला बसावयाचे तर जानेवारीत मूल शाळेत असावे लागते.

एक अडचण राहिली, ती बसची. शेजारच्या गावांतून येणाऱ्या मुली शाळा सुटताच गाडीला धावतात. ती चुकली तर अंधार. सायंकाळचा सराव त्यामुळे होतच नाही. ह्यावर उपाय एकच, सराव सकाळी प्रार्थनेपूर्वी ठेवणे. त्यासाठी गाडी अर्धा तास आधी सुटली पाहिजे, आणि तसा अर्ज आगाराकडे द्यावयास हवा.