हँडबॉलचा थ्रो खांद्यातून की कमरेतून? मुलांसाठी ‘कोअर’चा व्यायाम का महत्त्वाचा

शालेय हँडबॉल स्पर्धेची तयारी म्हटली की मुलांचा सगळा भर दंडावर असतो. थ्रोची ताकद मात्र पायातून निघते आणि पोट-कमरेतून वर चढत हातात येते. हा मधला भाग म्हणजे ‘कोअर’. तो ढिला असेल तर खांद्याला जास्त जोर लावावा लागतो. दुखणं बहुतेकदा तिथूनच सुरू होतं.

नॉर्वेतील संशोधकांचा 2011 चा अभ्यास पाहा. सरासरी साडेसोळा वर्षांच्या 24 हँडबॉलपटू मुलींपैकी एका गटाने टांगत्या दोऱ्यांच्या आधाराने आठवड्यातून 2 वेळा, असे 6 आठवडे कोअरचे व्यायाम केले. त्यांच्या थ्रोचा वेग 4.9 टक्क्यांनी वाढला. फक्त नेहमीचा सराव करणाऱ्या गटाचा वेग वाढला नाही.

जाफराबादसारख्या तालुक्याच्या ठिकाणी यासाठी जिमच हवी असं नाही. प्लँक, साइड प्लँक आणि ब्रिज सतरंजीवरही होतात. (दोरीचा मल्लखांब करणाऱ्यांचं कोअर तर आधीच कसलेलं असतं!) प्लँक किती मिनिटं टिकला, याच्या पैजा मुलं लावतात, त्यात अर्थ नाही. कंबर खाली झुकली की सेट संपला. खांदा किंवा पाठ दुखत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, प्लँक नंतर.