चरणमाळ घाटातली धायटी

नवापूरहून चरणमाळ घाटाकडे निघालात, तर शिशिर सरताना उघड्या उतारावर लाल-नारिंगी फुलांनी लगडलेलं झुडूप दिसेल. ती धायटी, संस्कृतात धातकी. एक फूल हातात घेऊन नीट बघा. लाल दिसते ती पाकळी नाहीच! ती निदलपुंजाची किंचित वाकलेली नळी. खऱ्या पाकळ्या सहा, इवल्याशा, नळीच्या तोंडाशी दातांमध्ये दडलेल्या. बाहेर डोकावतात ते बारा पुंकेसर. मध तळाशी असल्याने सूर्यपक्षी इथे हमखास येतात.

पानं समोरासमोर, जवळजवळ देठ नसलेली. पान उलटून बघा, मागे काळे ठिपके दिसतात. फूल नसताना ओळखायला मला हीच खूण सर्वांत भरवशाची वाटते.

लिनियसने हिला 'लिथ्रम' प्रजातीत घातलं होतं. पुढे कुर्झने १८७१ मध्ये दिलेलं 'वुडफोर्डिया फ्रुटिकोसा' हे नाव टिकलं. कुळ मेंदीचं, म्हणजे आपल्या राज्यफुलाची, तामणाची, ही नातलग! डाळिंबही याच कुळातलं.

आयुर्वेदातली आसवं-अरिष्टं आंबवायला हीच वाळलेली फुलं घालतात, कारण त्यांच्यावर किण्व असतं.