मोतीबिंदू, दृष्टिवैषम्य आणि तीस अंश

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया उत्तम होऊनही काही जणांना अक्षरांच्या उभ्या रेघा स्पष्ट व आडव्या पुसट दिसतात, किंवा याच्या उलट होते. मग शस्त्रक्रिया बिघडली असे घरात बोलले जाते. पुष्कळदा दोष शस्त्रक्रियेत नसतो, तो पारपटलाच्या आकारात आधीपासूनच असतो.

डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाचे सर्वांत जास्त वक्रीभवन पारपटलावर होते. पारपटल चेंडूसारखे सर्व दिशांना सारखेच वक्र असेल, तर किरण एका बिंदूत एकत्र येतात. पण चमच्याची पाठ पाहा. ती लांबीच्या दिशेने कमी वक्र आणि रुंदीच्या दिशेने जास्त वक्र असते. पारपटल असे असेल, तर दोन दिशांमधील किरण वेगवेगळ्या अंतरांवर एकत्र येतात. हे दृष्टिवैषम्य. इंग्लंडमधील खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी १८२५ च्या सुमारास स्वतःच्या डाव्या डोळ्यातील हा दोष दंडगोल भिंगाने दूर केला.

हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९ मध्ये लंडनमध्ये पहिले कृत्रिम भिंग डोळ्यात बसवले. पुढची अनेक वर्षे अशी भिंगे सर्व दिशांना सारख्याच शक्तीची असत. त्यामुळे पारपटलाचा दोष तसाच राही व चष्मा लागे. १९९० च्या दशकात 'टोरिक' भिंगे आली. त्यांची शक्ती दोन काटकोनी दिशांना वेगवेगळी असते.

असे भिंग निवडताना चष्म्याचा नंबर पुरत नाही, कारण त्यात काढून टाकायच्या नैसर्गिक भिंगाचाही वाटा असतो. म्हणून पारपटलाची वक्रता स्वतंत्रपणे मोजतात. शस्त्रक्रियेचा छेदही पारपटल त्या दिशेने किंचित सपाट करतो. तोही हिशेबात धरावा लागतो.

खरी कसोटी अक्षाची आहे. आडवे झाल्यावर डोळा खोबणीत थोडासा फिरू शकतो. म्हणून रुग्ण बसलेला असतानाच डोळ्यावर खुणा करतात. अक्ष θ अंशांनी चुकला, तर किती दोष उरेल? दंडगोल भिंग १८० अंश फिरवले की पूर्ववत होते, म्हणून आकृतीत कोन दुप्पट घेतात. C लांबीच्या दोन रेषा एका बिंदूपासून २θ कोनात काढा. त्यांच्या टोकांमधील अंतर म्हणजे उरलेला दोष: २C sin θ. ५ अंशांना तो सुमारे १७ टक्के, १० अंशांना ३५ टक्के, आणि ३० अंशांना पूर्ण १०० टक्के! त्यापुढे तर दोष मूळच्यापेक्षा वाढतो.

दंडगोल नंबरचा चष्मा हातभर दूर धरून त्यातून फळ्यावरचे अधिकचे चिन्ह विद्यार्थ्यांना पाहू द्या. चष्मा गोल फिरवला की दोन रेघांमधला काटकोन कात्रीसारखा उघडतो, मिटतो.

भिंग फिरले असेल, तर ते पुन्हा अक्षावर आणता येते. दृष्टिवैषम्य अगदी थोडे असेल, तर साधे भिंग व चष्मा पुरतो. शिवाय एकाच अंतरासाठीचे टोरिक भिंग बसवले, तरी वाचनाचा चष्मा बहुधा लागतोच. म्हणून महागडे भिंग घेण्यापूर्वी एक प्रश्न जरूर विचारावा: माझ्या पारपटलात दोष किती, आणि कोणत्या अक्षावर?