ब्रेक लागतोय ना, मग आवाज असू दे?

गाडीवाल्यांच्या तोंडून हे वाक्य सारखं ऐकू येतं. पुढच्या चाकातून चिरकी शीळ येते, आठवडेच्या आठवडे येत राहते आणि मालक निर्धास्त, कारण गाडी तर झकास थांबते! थांबणारच. डिस्क ब्रेकची ताकद घर्षणावर आणि पॅड डिस्कवर किती दाबला जातो यावर ठरते, पॅडच्या जाडीवर नाही. दहा मिलिमीटरचा नवा पॅड जसा धरतो, जवळजवळ तसाच दोन मिलिमीटर उरलेलाही धरतो. म्हणून ‘लागतोय’ यावरून पॅड किती शिल्लक आहे हे कळतच नाही.

हे कळावं म्हणूनच बऱ्याच पॅडना पोलादाची एक छोटी पट्टी बसवलेली असते. लायनिंग दोन-तीन मिलिमीटरवर आलं की ती फिरत्या डिस्कला घासून किंचाळते. पुष्कळदा ब्रेक न दाबता, नुसती गाडी चालतानाही हा आवाज येतो आणि ब्रेक दाबताच थांबतो. मग लोक ब्रेक सोडून बेअरिंगवर संशय घेतात. मुद्दाम बसवलेली ही सूचना ऐकूनही गाडी तशीच पळवायची, याला काय म्हणावं?

पुढे शीळ जाऊन जाड खरखर सुरू होते. लायनिंग संपून पॅडची लोखंडी पाठ डिस्कवर घासत असते. डिस्कवर चरे पडतात आणि तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीखाली ती गेली, तर लेथवर मारूनही उपयोग नसतो. पॅडच्या पैशात झालं असतं ते काम आता डिस्कसकट करावं लागतं.

खरा धोका घाटात आहे. पातळ पॅडमधून उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत लवकर पोचते आणि हे ऑइल हवेतली ओल शोषत असतं. अमेरिकी मानकानुसार ‘डॉट ३’ ऑइलचा उत्कलनबिंदू ताजं असताना किमान २०५ अंश सेल्सिअस हवा, ३.७ टक्के पाणी मिसळलं की ही किमान मर्यादा १४० अंशांवर येते. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल मऊ पडून तळाला जातं. सपाट रस्त्यावर उत्तम लागणारा ब्रेक आंबेनळी किंवा बोरघाट उतरताना दगा देतो, तो असा. घाट खालच्या गिअरमध्येच उतरावा.

‘ब्रेक ऑइल टाका, आवाज जाईल’ हा सल्लाही चुकीचा. पॅड झिजले की कॅलिपरचे पिस्टन बाहेर सरकतात आणि टाकीतली पातळी उतरते. म्हणजे ऑइल कमी होणं हीच झिजेची खूण असू शकते, नाहीतर गळतीची. आधी चाक काढून पाहा.

आणि डिस्कवर तेल किंवा स्प्रे मारायला सांगणाऱ्यांना हात जोडून विनंती: हे सांगू नका! आवाज जातो, कारण घर्षण जातं. तेल मुरलेला पॅड टाकूनच द्यावा लागतो.

पॉलिश पेपर मारल्याने आवाज काही दिवस दबतो, लायनिंग वाढत नाही. पावसाळ्यात सकाळी येणारी खरखर डिस्कवरच्या गंजाची असते. चार-पाच ब्रेकमध्ये गेली तर काळजी नको. करकचून ब्रेक मारल्यावर पेडल थरथरून खडखडलं, तर ते एबीएसचं काम आहे, पाय उचलू नका. ब्रेक दाबताच एकदाच ‘टक्’ वाजत असेल, तर कॅलिपरच्या पिना आणि लोअर आर्मचे बुश तपासा.

प्रत्येक सर्व्हिसिंगला आतला आणि बाहेरचा, दोन्ही पॅड मोजायला लावा. पिना अडकल्या की आतला आधी झिजतो आणि तो बाहेरून दिसत नाही. जाडी मिलिमीटरमध्ये लिहून घ्या. तीनच्या खाली असेल, तर घाटात जाण्याआधी पॅड बदला.