घरच्या बिअरवरचा गैरसमजांचा फेस

अमेरिकेतल्या विद्यापीठांना मेच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत उन्हाळी सुटी असते. कुणी इंटर्नशिप करतं, कुणी दुकानात कामाला लागतं आणि एखादा हौशी गडी दोन छंद एकदम अंगावर घेतो. घराच्या कोपऱ्यात बादलीभर बिअर आंबत ठेवायची आणि तिची हकिगत मांडायला स्वतःची वेबसाइट उभी करायची. तिकडे शिकायला गेलेला आपला एखादा मुलगा रूममेटच्या नादाने यात पडला, की व्हिडिओ कॉलवर ती बादली दिसते आणि इकडे आईच्या पोटात गोळा येतो. "अरे, ही हातभट्टी कसली मांडलीयस?" काळजी खोटी नसते, पण ती भलत्याच गोष्टीची असते. ज्याला भ्यायला हवं त्याची भीती नाही आणि ज्यात धोका नाही त्याचीच चर्चा, असा हा प्रकार आहे. म्हणून एकेक समज तपासू.

गैरसमज : घरची बिअर म्हणजे हातभट्टी. प्यायली की डोळे जातात.

वस्तुस्थिती : डोळे जातात ते मिथेनॉलमुळे. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरहून अधिक माणसं गेली, ती दारूत मिसळलेल्या मिथेनॉलने. आंबवण्याच्या क्रियेत मिथेनॉल तयार होतं ते प्रामुख्याने फळांतल्या पेक्टिनपासून. जवात पेक्टिन नगण्य, त्यामुळे बिअरमध्ये मिथेनॉल अगदी नाममात्र असतं. शिवाय बिअर भट्टीवर चढवून गाळत नाहीत, म्हणजे कोणताही घटक वेगळा काढून तीव्र करण्याचा प्रश्नच येत नाही.

तिची कृती आपल्याकडच्या नाचणीच्या सत्त्वाशी सुरुवातीला बरीच जुळते. जव भिजवायचे, मोड आणायचे, वाळवून हलके भाजायचे, की झालं माल्ट. भरडलेलं माल्ट ६२ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवलं, की मोड येताना तयार झालेली विकरं पिष्टाची साखर करतात. हे गोड पाणी म्हणजे वर्ट. ते हॉप्सची फुलं घालून उकळायचं, झटपट गार करायचं आणि त्यात यीस्ट सोडायचं.

तयार बिअरचा सामू साधारण ४ ते ४.५ असतो. आम्लता, अल्कोहोल, हॉप्समधली कडू द्रव्यं आणि प्राणवायूचा अभाव या सगळ्यांत माणसाला आजारी पाडणाऱ्या जंतूंचा टिकाव लागत नाही. बिघडलेली बिअर आंबट होते, तिला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो, ती मोरीत ओतावी लागते. विषबाधा मात्र सहसा होत नाही. जपायला हवं ते न आंबलेल्या वर्टला. यीस्ट न घालता ते हवाबंद डब्यात, फ्रिजबाहेर साठवलं तर बोट्युलिझमचा खरा धोका असतो, कारण त्यात आम्लता कमी आणि अल्कोहोल शून्य.

गैरसमज : भारी रेसिपी मिळाली की भारी बिअर होते.

वस्तुस्थिती : माणूस फक्त वर्ट करतो, त्याची बिअर यीस्ट करतं. १५१६ च्या बव्हेरियातल्या प्रसिद्ध शुद्धता-नियमात जव, हॉप्स आणि पाणी एवढेच तीन घटक आहेत. "चार घटकांचा नियम" असं आज सर्रास सांगितलं जातं, पण यीस्टचं नाव त्यात नाही. लुई पाश्चर यांचा बिअरवरचा ग्रंथ १८७६ चा. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हॅन्सन यांनी १८८३ मध्ये यीस्टचा शुद्ध वाण वेगळा वाढवला, तेव्हा कुठे कारखान्यांच्या बिअरची चव दरवेळी सारखी येऊ लागली. कार्ल्सबर्गने तो वाण दडवून न ठेवता इतरांनाही दिला.

तेव्हा हौशी माणसाचं पहिलं काम यीस्टला प्रतिस्पर्धी नसतील असं बघणं. इथे नवखे हमखास घोटाळा करतात. घासून लख्ख केलेली बादली निर्जंतुक असते असं नाही. आधी मळ काढायचा, मग जंतुनाशक वापरायचं, या दोन वेगळ्या पायऱ्या. मळाच्या थराखाली जंतुनाशक पोचतच नाही. वर्ट उकळत असेपर्यंत फार सोवळं लागत नाही. ते गार झालं की पुढे त्याला लागणारा चमचा, नळी, झाकण, सगळं जंतुनाशकातून काढावं लागतं.

गैरसमज : उन्हाळ्यात बिअर भराभर आंबते, म्हणजे हाच उत्तम मोसम.

वस्तुस्थिती : भराभर आंबते हे खरं, उत्तम होते हे खोटं. नेहमीच्या एल प्रकारच्या बिअरच्या यीस्टला १८ ते २२ अंश मानवतात आणि लागर प्रकारच्या यीस्टला ८ ते १३. त्यात आंबताना उष्णता निर्माण होते, त्यामुळे बादलीतलं तापमान खोलीपेक्षा चार-पाच अंशांनी वर जाऊ शकतं. खोली २६ अंशांवर असेल तर आत तिशी गाठली जाते. मग यीस्ट जड अल्कोहोलं आणि वासाची द्रव्यं सोडतं, आणि बिअरला नेलपॉलिशच्या जवळपास जाणारा उग्र दर्प येतो. तो पुढे कितीही दिवस ठेवली तरी पुरता जात नाही.

स्वस्तातला उपाय असा : बादली पाण्याच्या टबात ठेवायची, तिला ओला टी-शर्ट चढवायचा, त्याची कड पाण्यात बुडू द्यायची आणि समोर पंखा लावायचा. बाष्पीभवनाने चार-पाच अंश सहज उतरतात. दुसरा उपाय म्हणजे उष्णता सोसणारं यीस्ट निवडणं. पश्चिम नॉर्वेतल्या शेतकरी घरांत पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं क्वाइक नावाचं यीस्ट ३० ते ४० अंशांतही स्वच्छ चवीची बिअर देतं. ते जगभरच्या हौशी लोकांपर्यंत पोचलं त्यात मोठा वाटा आहे लार्स मारियस गारशोल या नॉर्वेजियन सॉफ्टवेअर अभियंत्याचा. खेड्यापाड्यांत हिंडून त्यांनी या पद्धती नोंदवल्या, त्या आधी इंटरनेटवर लिहिल्या आणि २०२० मध्ये त्यांचं पुस्तक आलं. बिअर आणि वेबसाइट ही जोडी वाटते तितकी विजोड नाही.

गैरसमज : बुडबुडे थांबले की बिअर झाली, बाटल्या भरा.

वस्तुस्थिती : या छंदातला खरा धोका इथे आहे. झाकणावरच्या एअरलॉकमधून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे निघतात. ते झाकण सैल असलं तरी थांबतात आणि दुपारी खोली तापली तरी पुन्हा सुरू होतात. त्यांच्यावर भरवसा ठेवून बाटल्या भरणं म्हणजे काचेचे बॉम्ब भरणं. नवख्यांच्या कपाटात बाटल्या फुटतात त्या यामुळे.

भरवसा ठेवावा तो हायड्रोमीटरवर. काचेची ही नळी नमुन्यात तरंगते आणि द्रवाची घनता दाखवते. समजा आंबण्याआधी वाचन १.०५० होतं आणि आता १.०१२ आहे. फरक ०.०३८. त्याला १३१.२५ ने गुणलं की अल्कोहोल साधारण ५ टक्के. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे दोन-तीन दिवसांच्या अंतराने घेतलेली वाचनं एकसारखी आली पाहिजेत. आकडा अजून उतरत असेल तर काम चालू आहे.

घाई केली तर काय होतं? हायड्रोमीटरवर ०.००१ ची घट झाली, की बिअरच्या आकारमानाच्या साधारण निम्मा वायू तयार होतो. नेहमीच्या बाटलीत अडीचपट वायू असतो आणि तेवढ्यासाठी बाटल्या भरताना १९ लिटर बिअरला जेमतेम १२० ग्रॅम साखर पुरते. आता १.०१२ वर थांबणारी बिअर १.०२० लाच भरली, तर आत आणखी चारपट वायू होणार. वर मोजून घातलेली साखर आहेच. एकूण साडेसहापट. नेहमीची बिअरची बाटली त्यासाठी घडवलेलीच नसते.

गैरसमज : अमेरिकेत काय, घरी काहीही करायला मोकळीक आहे.

वस्तुस्थिती : १९२० ते १९३३ तिथे देशभर दारूबंदी होती. ती उठल्यावर घरच्यापुरती वाइन करायला सूट मिळाली, बिअरला नाही. घरी बिअर करणं पुढची ४५ वर्षं संघराज्याच्या कायद्यात बसत नव्हतं. सिनेटर अॅलन क्रॅन्स्टन यांनी पुढे रेटलेल्या तरतुदीसह एका विधेयकावर राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १४ ऑक्टोबर १९७८ रोजी सही केली आणि फेब्रुवारी १९७९ पासून सूट लागू झाली. एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २०० गॅलन, म्हणजे सुमारे ३७८ आणि ७५७ लिटर. विक्री बिलकूल नाही. अंतिम शब्द राज्यांचा. अलाबामा आणि मिसिसिपी यांनी परवानगी दिली ती थेट २०१३ मध्ये. ब्रिटनने मात्र परवान्याची अट १९६३ मध्येच काढली होती.

वयाची अटही आहे. बिअर विकत घेण्याचं वय तिथे २१. त्याआधी ती घरीही करता येत नाही. आणि ही सवलत बिअरपुरती आहे, घरी मद्य गाळण्याला ती लागू होत नाही.

गैरसमज : वेबसाइट हे वेगळंच प्रकरण. तिला मोठं प्रोग्रॅमिंग लागतं, आणि एकदा टाकलं की ते कायमचं राहतं.

वस्तुस्थिती : साधं पान म्हणजे खुणा घातलेली मजकुराची एक फाइल, एचटीएमएलची ओळख दोन दिवसांत होते. स्वित्झर्लंडच्या सर्न या संस्थेने ३० एप्रिल १९९३ रोजी वर्ल्ड वाइड वेबचं तंत्र सर्वांना खुलं केलं, आणि पहिल्याच दशकात बिअरवाले हौशी तिथे पोचले. हॉप्सच्या कडवटपणाचा अंदाज देणारं ग्लेन टिनसेथ यांचं सूत्र त्याच काळात वेबवर आलं आणि पुढे ब्रूइंगच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये गेलं. जॉन पामर यांनी 'हाऊ टू ब्रू' हे पुस्तक २००० साली इंटरनेटवर मोफत ठेवलं. नुसती घटकांची यादी अमेरिकी कायद्याने कॉपीराइटमध्ये येत नाही, त्यामुळे रेसिपी मोकळेपणाने फिरतात.

पण कायमचं? जिओसिटीजवर लाखो लोकांनी आपली हौशी पानं उभारली होती; याहूने ती सेवा ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केली. ज्यांनी स्वतःकडे प्रत ठेवली नव्हती त्यांची मेहनत गेली. वेबसाइट घरच्या संगणकावर आधी असावी, सर्व्हरवर नंतर.

आणि तिच्यावर काय लिहावं? नुसती रेसिपी फारशी कामाची नाही. एकाच माल्टातून तुमच्या भांड्यात किती साखर उतरते, तुमचं पाणी कसं आहे, यावर तीच रेसिपी दोन घरांत दोन चवी देते. तारीख, दोन वेळचं तापमान, यीस्टचा वाण, सुरुवातीचं आणि शेवटचं वाचन, एवढं लिहिलं तर सुटी संपताना चार बिअरींमधला फरक कशामुळे पडला ते सांगता येतं. तेवढ्यासाठी चकचकीत सजावट लागत नाही, एक साधा तक्ता पुरतो.

आणखी काही समज, झटपट

*काळी बिअर जास्त चढते.* रंग भाजलेल्या माल्टाचा, नशा अल्कोहोलची. काळीभोर गिनेस ड्राफ्ट ४.२ टक्क्यांची असते.

*गार बिअर एकदा कोमट झाली की वाया गेली.* एकदा कोमट झाल्याने नाही. वाया जाते ती उन्हाने. प्रकाशामुळे हॉप्समधल्या द्रव्यांपासून गंधकयुक्त संयुग तयार होतं आणि दुर्गंधी येते. तपकिरी बाटली त्यासाठीच.

*आयपीए (इंडिया पेल एल) ही खास हिंदुस्थानच्या प्रवासात टिकावी म्हणून शोधलेली बिअर.* लंडनच्या बो भागातले जॉर्ज हॉजसन यांनी ती इकडे भरपूर पाठवली, पण शोध लावला याला पुरावा नाही. त्यांच्या आधीही बिअर इथे येत होती, आणि गोऱ्या सैनिकांत काळी पोर्टर पुष्कळ खपायची.

शेवटचा गैरसमज : तिकडे चालतं, मग इकडेही चालेल.

वस्तुस्थिती : महाराष्ट्रात चालत नाही. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा, ज्याचं नाव आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम आहे, परवान्याशिवाय मद्य बनवणं हा गुन्हा मानतो आणि घरगुती बिअरला त्यात अमेरिकेसारखी सूट नाही. सुटी संपवून परतणाऱ्याने बादली, नळ्या आणि हायड्रोमीटर तिकडेच मित्राला देऊन टाकावेत. वेबसाइटवर मात्र कसली बंदी नाही. तापमानाच्या आणि वाचनांच्या नोंदी सोबत आणाव्यात. पुण्या-मुंबईच्या परवानाधारक मायक्रोब्रुअरीत हेच काम पगारी होतं, आणि तिथे नोकरी मागायला जाताना अशी नीट ठेवलेली वही दाखवता येते.